नदीकडे तोंड करून

मी एक जुना कर्णा आहे. मित्रांनो, देवळाजवळच्या खांबावर धोत्र्याच्या फुलासारखे पत्र्याचे एक मोठे तोंड तुम्ही पाहिले असेल. लाउडस्पीकरचे ते तोंड म्हणजे मी. मला हात नाहीत, पाय नाहीत. तोंड तेवढे आहे, आणि तेही माझ्या मालकीचे नाही. जो माईक हातात धरेल त्याचे मी तोंड. हे मला फार उशिरा उमगले. तुम्हाला लवकर उमगावे म्हणून ही माझी हकीगत.

माझे गाव भोरहून हिर्डोशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, धरणाच्या खालच्या अंगाला आहे. वर उंचवट्यावर देऊळ आणि गावठाण. खाली नदी. नदीच्या काठी करंजाच्या झाडांत कातकऱ्यांची वाडी. वाडीतले लोक नदीत जाळे लावत, खेकडे धरत, डोंगरातून मध काढून आणत.

माझा जन्म पुण्यातल्या एका कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमचा गोल पत्रा यंत्रावर गरगर फिरवून, दाबून दाबून मला आकार दिला. पुढे भोरच्या एका दुकानात मी बरेच दिवस धूळ खात पडलो होतो. धरणात पाणी अडायला लागले त्या वर्षी गावाने वर्गणी काढली. धरणातून पाणी सोडणार असले की खालच्या माणसांना सांगायला काहीतरी हवे होते. वाडीकडे रोकड कुठली? त्यांनी मध दिला. तो बाजारात विकून त्याचा पैसा वर्गणीत पडला. म्हणजे मित्रांनो, माझ्यात थोडी वाडीचीही मालकी आहे. हे गाव पुढे विसरले. मी विसरलो नाही.

एसटीच्या टपावरून मी गावात आलो. वाटेत कुणीतरी माझ्या पोटात शेवग्याच्या शेंगांची जुडी खोचून ठेवली होती. देवळापुढे सागाचा उंच खांब उभा केला होता, पण त्यावर चढणार कोण? सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. तेव्हा वाडीचा सोनबा पुढे आला. काळाभोर, काटक, नुकते लग्न झालेला गडी. मला पाठीशी बांधून तो झपझप वर चढला.

देवळाचे गुरव गेनूमामा खाली उभे होते. देवाची पूजा तेच करीत आणि माईकही त्यांच्याच ताब्यात राहायचा होता.

"मामा, तोंड कुठं करू?" सोनबाने वरून विचारले.

"नदीकडं कर. पाणी आलं तर आधी तुमीच हायसा खाली."

"आन् गावाला?"

"गाव काय बहिरं हाय व्हय? खांबाजवळच हाय, पाठीमागनं बी ऐकंल!"

सगळे हसले. सोनबाने माझे तोंड नदीकडे केले आणि तारेने घट्ट आवळले. त्याच्या तळहाताची ऊब मला अजून आठवते.

मित्रांनो, कर्ण्याला कान नसतात असे तुम्हाला वाटेल. पण माझ्या आत एक पातळ पडदा आहे. माईकमधल्या आवाजाने तो थरथरतो, आणि बाहेर कुणी मोठ्याने बोलले तरीही थोडा थरथरतो. त्यामुळे मी जसा बोलतो तसा ऐकतोही. जिकडे तोंड तिकडचे मला स्पष्ट ऐकू येते, पाठीमागचे अंधुक.

काय दिवस होते ते! पहाटे काकडआरती, संध्याकाळी हरिपाठ. मधल्या वेळात रेशन आले, पोलिओचा डोस आहे, कुणाची म्हैस सापडली, कुणाचे आजोबा गेले, सगळे माझ्या तोंडून. गेनूमामांना आधी माईकमध्ये फूफू केल्याशिवाय शब्द फुटत नसे. एकदा बंडूच्या वडिलांनी घाईघाईने येऊन माईक मागितला. गावाला वाटले, काहीतरी मोठे घडले. आणि माझ्यातून आवाज गेला, "बंडूच्या आईनं आसंल तितनं घरी यावं. कुलपाची किल्ली तिच्याच कमरंला हाय, आन् म्या दारात उभा हाय!" त्या माउलीला पुढे महिनाभर बाया हाक मारून विचारत, "किल्ली हाय का गं कमरंला?"

पण माझे खरे काम पावसाळ्यात. वरून निरोप आला की गेनूमामा सांगत, "ऐका हो ऐका! धरणातनं पाणी सुटनार हाय. नदीत कुनी थांबू नका." एवढे सांगून ते माईक खाली ठेवत नसत. तसेच धरून उभे राहत. मग खालून, करंजाच्या झाडांतून, सोनबाचा कुकारा येई. 'कूऽऽ!' आमच्या डोंगरात लांबच्या माणसाला असा कुकारा घालतात. त्याचा अर्थ, ऐकले, निघालो. तो कानावर पडला की मगच गेनूमामा माईक ठेवत. कधी कुकारा उशिरा आला तर ते पुन्हा सांगत, पुन्हा थांबत. एकदा वाऱ्यापावसात कुकारा येईचना, तेव्हा ते घोंगडी घेऊन स्वतः नदीवर गेले होते. कुणी लिहून दिलेला हा नियम नव्हता. आमच्या गावाची ती रीतच होती.

एका वर्षी पाणी वाडीच्या उंबऱ्यांपर्यंत चढले, पण माणूस एकही गेला नाही. पाणी ओसरल्यावर सोनबाची बायको रतनबाई वर आली. तिने माझ्या खांबाला हळदकुंकू लावले आणि रानातले कळलावीचे फूल तारेत खोवले. एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

वर्षे गेली. सोनबाचे केस पिकले. गेनूमामांचा घसा बसला तो कायमचाच. फुसफुस एवढाच आवाज राहिला. माईक सोमनाथकडे आला. सोमनाथ गावातला हरहुन्नरी माणूस. मांडव त्याचा, लायटिंग त्याची, आणि गेनूमामांची औषधेही तोच भोरहून आणी. तो वाईट होता असे मी म्हणणार नाही. म्हणूनच तर मला भीती वाटते.

त्याच सुमारास भोरच्या वकील नीरजाताई गावात आल्या. देवळाच्या पायरीवर कायद्याच्या माहितीचे शिबिर होते. वर गावकरी सतरंजीवर बसले होते, वाडीतले लोक कडेला, चपला ठेवतात तिथे. नीरजाताईंनी आधी त्यांना सतरंजीवर बोलावले आणि मगच माईक हातात घेतला.

त्या म्हणाल्या, "खूप वर्षांपूर्वी, १९६५ साली, जगातल्या देशांनी एक करार केला. माणसाचा वंश, त्याच्या कातडीचा रंग, त्याचा जन्म कुठल्या कुळात, कुठल्या लोकांत झाला, यावरून त्याला कमी लेखायचं नाही. आपल्या देशानं १९६८ साली हा करार मान्य केला. मान्य केला म्हणजे देश बांधला गेला. कुणी अशा लोकांबद्दल द्वेष पसरवला तर सरकारनं तो थांबवायचा, पसरवणाऱ्याला शिक्षा करायची. पाणी, दवाखाना, दुकान, गाडी, जिथं सगळ्यांना जाता येतं तिथं त्यांनाही जाता आलं पाहिजे. अन्याय झाला तर दाद मिळाली पाहिजे. आणि शाळेतल्या मुलांना हे शिकवलं पाहिजे."

सोनबा हळूच उठून उभा राहिला. "ताई, मंजी ती सही आमच्याबी कामाची?"

"तुमच्याच कामाची, बाबा."

"न्हाई, इचारतो आपलं. ज्यानं सही केली त्याला आमची वाडी ठावं हाय का?"

लोक हसले. नीरजाताई हसल्या नाहीत. "त्याला ठाऊक नसेल. पण शब्द देशानं दिलाय, बाबा. मग तो पोलिसांनी पाळायचा, कचेरीनं पाळायचा आणि या गावानंही पाळायचा."

टाळ्या वाजल्या. सोमनाथनेही वाजवल्या. तो शब्द माझ्या तोंडून नदीपर्यंत गेला, पलीकडच्या डोंगरावर आपटून परत आला. मला वाटले, आपण पत्र्याचे असलो तरी आज सोन्याचे झालो. मित्रांनो, मी किती भोळा होतो!

पुढच्या पावसाळ्यात लोकांच्या मोबाईलवर एक चित्रफीत फिरू लागली. शेजारच्या वेल्ह्याकडे म्हणे पोरे पळवणारी टोळी आली आहे, काळी, केस पिंजारलेली माणसे. तशी टोळी कुठे नव्हतीच. वेल्ह्याचे लोक म्हणत होते, ती भोरकडे आहे. पण भीतीला पत्ता लागत नाही. त्यातच एका दुपारी सोमनाथची लहान मुलगी शाळेतून घरी आली नाही. तो वेड्यासारखा गावभर धावला. कुणी म्हणाले, वाडीच्या वाटेला दिसली होती. प्रत्यक्षात ती आत्याच्या घरी निवांत झोपली होती. मुलगी सापडली. बापाच्या पोटातली भीती मात्र गेली नाही. आता त्या भीतीला धरायला कुणीतरी हवे होते.

त्याच संध्याकाळी सोमनाथने माईक घेतला.

"ऐका हो ऐका! कातकऱ्यांपासून सावध ऱ्हावा. जंगलातली काळी मानसं, त्यांच्या रक्तातच चोरी हाय. त्यांना हापशावर येऊ देऊ नका. दुकानात माल देऊ नका. गावात कुनी दिसला तर धरा!"

मित्रांनो, ते मी बोललो. ज्या घशातून हरिपाठ गेला, ज्या घशातून देशाचा शब्द गेला, त्याच घशातून. मला गप्प बसता आले नाही. पडदा फाटावा म्हणून मी जिवाच्या आकांताने थरथरलो, तर लोकांना वाटले, आज आवाज कसा खणखणीत येतोय!

गेनूमामा काठी टेकत आले. "सोमा, ह्यो देवाचा कर्णा हाय रं," ते फुसफुसले.

"मामा, तुमी आता आराम करा. तुमचा आवाज गेलाय, तसा जमाना बी गेलाय."

आणि जमाना खरोखरच बदलला. माणसाने पारावर सांगितलेली गोष्ट लोक तपासून घेतात. कर्ण्यावरून आलेली गोष्ट गावाची होऊन जाते. दुकानदाराने रतनबाईला मीठ दिले नाही. हापशावर तिची कळशी कुणीतरी लाथेने उडवली. ती नदीचे गढूळ पाणी गाळून पिऊ लागली. वाडीची दोन मुले शाळेत जात होती, त्यांची शाळा बंद झाली.

सोनबा देवळापाशी आला. खाली, चपलांच्या जागेवर उभा राहिला.

"सोमनाथदादा, पोरगी घावली न्हवं?"

"घावली."

"मग आमचं काय चुकलं?"

"तू जा रं खाली. तोंड वर करून बोलू नगंस."

"ह्यो कर्णा म्या बांधलाय, दादा. ह्याच्या तोंडनं आमाला शिव्या ऐकू येत्यात. रातचं पोरं दचकून उठत्यात."

सोमनाथने मान वर करून माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, "ऐकू येत्यात? मग ऐकू येऊ देत न्हाई. तसंबी आपल्या गोष्टी तुमी कशाला ऐकायच्या? ऐकून सावध व्हताय."

लगेच शिडी आली, पक्कड आली. सोनबाने आवळलेली तार तोडली. मी करकरलो. ती माझी किंकाळी होती, पण गंजलेल्या पत्र्याची करकर कोण ओळखतो? माझे तोंड नदीकडून गावठाणाकडे फिरवले. वाडीकडे माझी पाठ झाली. सोनबा खाली उभा राहून पाहत होता. त्याने एवढेच विचारले, "दादा, आन् पाणी सुटल्यावर?"

"तवाचं तवा बघू," सोमनाथ म्हणाला.

टेम्पोवाला घेईना म्हणून रतनबाई चालत भोरला गेली. नीरजाताई दुसऱ्याच दिवशी आल्या. पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या, "सोमनाथ, याच जागी तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या."

"ताई, तुमचा करार साता समुद्रापार ठेवा. हितं आमची पोरं हायेत."

"वाडीतही पोरं आहेत. आणि करार समुद्रापार नाही, इथंच आहे. मी तक्रार देते आहे. पण त्याआधी कर्ण्याचं तोंड फिरवा. नदीला पाणी वाढलंय."

"बघू."

तक्रार गेली. चौकशी होईल असे उत्तर आले. नीरजाताई फेऱ्या मारत राहिल्या. मी पाठ करून लटकत राहिलो. देशांनी एकत्र जमून दिलेला शब्द भोरपर्यंत आला होता, देवळाच्या पायरीपर्यंतही आला होता. तिथून खाली नदीपर्यंत जायला त्याला एक तोंड हवे होते, आणि ते तोंड दुसरीकडे फिरवलेले होते.

भाद्रपदात धरण भरले. सकाळी निरोप आला, पाणी सोडणार. सोमनाथ धावत आला. त्याने कामात हयगय केली नाही. "ऐका हो ऐका! नदीत कुनी जाऊ नका!" असे तीन वेळा सांगितले आणि माईक ठेवला. गणपतीच्या मांडवाचे काम अर्धे राहिले होते.

गेनूमामा ओट्यावरून उठले. "सोमा, कुकारा आला का?"

"कसला कुकारा, मामा?"

"वाडीचा रं! कुकारा आल्याबिगर माईक ठेवत न्हाईत."

माझी पाठ वाडीकडे आहे हे सोमनाथला तेव्हा कुठे आठवले. त्याने माईक पुन्हा उचलला आणि ओरडला, "सोनबा! ए सोनबा, वर ये रं!" माझ्यातून केवढा आवाज गेला! सगळा गावठाणात गेला. घरांच्या भिंतींना धडकला, गोठ्यांतली गुरे बिथरली. नदी लांब खाली, आणि तिच्याकडे माझी पाठ होती. मी त्या खांबावर काय काय प्रार्थना केल्या! वाऱ्याने मला उपटून टाकावे, तार तुटावी, मी गरकन फिरावे. वारा पडलेला होता.

गेनूमामा काठी टाकून नदीच्या उतारावर निघाले. सोमनाथ माईक फेकून त्यांच्या पुढे धावला.

मग माझ्या पाठीमागून तो आवाज आला. आधी गाड्या धावाव्यात तसा घरघराट. मग रतनबाईची किंकाळी. सोनबा मधल्या खडकावर जाळे सोडवत होता. गाव माल देत नव्हते, मग मासळीशिवाय चूल कशी पेटणार? त्याने पाणी येताना पाहिले असावे, कारण त्या घरघराटात एक कुकारा आला. 'कूऽऽ!' काठावरच्या वाडीच्या बायापोरांसाठी होता तो. ती वर पळाली, वाचली. कुकारा दुसऱ्यांदा आला तो अर्धाच.

सोनबा दुसऱ्या दिवशी खालच्या बंधाऱ्यापाशी सापडला.

क्रियाकर्म झाल्यावर रतनबाई वर आली. सारे गाव देवळापुढे उभे होते. नीरजाताईही होत्या. रतनबाई चपलांच्या जागी थांबली नाही. सरळ पायरी चढली आणि सोमनाथपुढे हात केला. "माईक दे."

त्याने दिला. एवढ्या वर्षांत वाडीचे माणूस माझ्या तोंडून प्रथमच बोलत होते.

"ऐका हो ऐका," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "सोनबा गेला. त्यो चोर न्हवता. तुमचा कर्णा त्यानंच बांधला व्हता. पाणी सुटलंया ह्ये त्याला कुनी सांगितलं न्हाई. तुमी समदी मानसं हायसा आसं म्या धरून चालते. ऐकलं आसंल तर कुकारा द्या."

तिने माईक ठेवला नाही. गेनूमामा थांबत तशी ती थांबली. मी कान लावून होतो. एवढे मोठे गाव, एवढे घसे. मंडपाचे कापड फडफडत होते. गेनूमामांनी तोंडापाशी हात नेला, गळ्याच्या शिरा ताणल्या. आवाज फुटला नाही. ज्यांचा फुटला असता त्यांनी मान खाली घातली.

बराच वेळ थांबून तिने माईक पायरीवर ठेवला आणि ती उतरून गेली.

त्याच आठवड्यात वाडी उठली. वेल्ह्याकडे त्यांची नाती आहेत, तिकडे गेली म्हणतात. नीरजाताई अजून कचेरीच्या पायऱ्या चढतात. शब्द देशाने दिलेला आहे, म्हणतात, तो मागूनच घ्यावा लागेल. सोमनाथ एकटाच शिडी घेऊन आला होता. त्याने माझे तोंड पुन्हा नदीकडे केले आणि शिडीवरच डोके टेकून खूप वेळ उभा राहिला.

तेव्हापासून मी नदीकडे तोंड करून आहे. समोर करंजाची झाडे आहेत, चुलीचे दगड आहेत. निरोप आला की सोमनाथ सांगतो आणि माईक धरून थांबतो. मीही थांबतो. खालून कुणीच उत्तर देत नाही.

मित्रांनो, माझी तार गंजत चालली आहे. आता नवीन यंत्रे येतील, तुमच्या हातातल्या मोबाईलला तर माझ्यापेक्षा मोठे तोंड आहे. त्यात कुणाच्या रक्ताबद्दल, रंगाबद्दल काही सांगावेसे वाटले, तर आधी बघा, त्या वेळी तुमची पाठ कुणाकडे आहे. आणि कुणी 'आम्हाला सांगितलं नाही' असे म्हणत पायरी चढून आले, तर मान खाली घालू नका. रतनबाई अजून कुठेतरी वाट पाहत असेल. माझा घसा माझ्या मालकीचा नाही, गेनूमामांचा गेला. तुमचा आहे.

ऐकले असेल, तर एक कुकारा द्या.